बालवाडीचं अंगण: मे ते ऑक्टोबर २०२५ च्या नोंदी

जागा पुणे जिल्ह्यात. मागचं अंगण ३० बाय २० फूट. एक कडुनिंब, एक लिंबाचं झाड, एक नळ. मुलं २४: लहान गटात (३ ते ४ वर्षं) १०, मोठ्या गटात (४ ते ६) १४. ताई दोन, मदतनीस एक.

५ मे, सोमवार

आखणी झाली. घसरगुंडी आणि रबरी फरशी यांचा बेत रद्द. घसरगुंडी वाईट नाही, तोल आणि वेगाचा अंदाज त्यातून येतोच. पण ती एकच काम करते आणि ते काम मूल पंधरा मिनिटांत संपवतं. माती, पाणी, काठी, बिया यांचा उपयोग कुणी ठरवून दिलेला नसतो, म्हणून त्या रोज नव्याने वापरता येतात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘मुलांची बाग’ (किंडरगार्टन) असं नाव दिलं, तेव्हा त्यात खरोखरचे वाफे होते, मुलागणिक एकेक. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख, शिंपले, बिया, पानं याच साधनांवर बालवाडी उभी केली. त्यामुळे खेळणी खरेदीची यादी या वेळी जवळपास कोरी. पैसे खड्डा, पाइप आणि विटांवर जातील.

वाळूचा खड्डा नळापासून आठ फुटांवर घ्यायचा. अगदी जवळ घेतला तर सगळा खेळ नळाखालीच अडकतो. फार लांब घेतला तर मुलं दोन खेपांनंतर पाणी आणणं सोडून देतात. आठ फुटांत अर्धी बादली न सांडता नेणं हे साडेतीन वर्षांच्या मुलाला जमेल-न जमेल अशा बेताचं काम आहे, आणि तसंच हवं.

९ मे, शुक्रवार

खड्डा ८ बाय ६ फूट, खोली दीड फूट. तळाला सहा इंच खडी (२४ घनफूट; ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून जवळपास पाव ब्रास), त्यावर दुहेरी शेडनेट, वर एक फूट वाळू (४८ घनफूट, अर्ध्या ब्रासला थोडी कमी). शेडनेट नसेल तर वाळू हळूहळू खडीत उतरते आणि खणताना खडी वर येते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) स्वस्त पडत होती, पण तिचे कण धारदार असतात आणि भुकटी फार उडते. धुतलेली, चाळलेली प्लास्टरची वाळू घेतली.

काठ विटांचा, नऊ इंच रुंद. ही रुंदी मुद्दाम. मुलं त्यावर बसतात, चालतात, ‘दुकान’ही तिथेच मांडतात. वरच्या कडा गोल घासून घेतल्या.

२७ मे, मंगळवार

मान्सून काल मुंबई-पुण्यात येऊन थडकला, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी. खड्डा काठोकाठ भरला. चूक आखणीतली: खाली खडी टाकली, पण तिच्यातून पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही. खाली काळी माती, ती पाणी पीत नाही. म्हणजे खडीचा थर निचरा करण्याऐवजी टाकीच झाला.

वाळू अर्धी उपसून तळाशी ३ इंची पीव्हीसी पाइप टाकला. लांबी १० फूट, त्यात उतार २ इंच, आतल्या तोंडाला जाळी, बाहेरचं तोंड लिंबाच्या आळ्याजवळ. झाकण म्हणून ताडपत्री होती, तीही बाद. तिच्या पोटात पाणी साचतं आणि खाली वाळूला कुबट वास येतो. आता बांबूच्या चौकटीवर शेडनेट. मांजर आत येत नाही आणि वारा खेळता राहतो.

१६ जून, सोमवार

वर्ग सुरू. पहिला आठवडा फक्त अंगणाची ओळख. बारा-बारा मुलांच्या दोन तुकड्या, प्रत्येकीला ४५ मिनिटं. वीस मिनिटांची वेळ कागदावर बरी दिसते, पण पहिली दहा-बारा मिनिटं मूल नुसतं फिरतं, हात लावून बघतं, दुसऱ्याचं बघत उभं राहतं. खरा खेळ त्यानंतर जमतो, आणि नेमकं तेव्हाच ‘चला, हात धुवा’ झालं तर हाती फक्त फिरणं उरतं.

रोज सकाळी मुलं यायच्या आधी मदतनीस वाळूतून दाताळं फिरवते: काच, खिळा, काटा, मांजराची घाण. अंगणातून आत येताना साबणाने हात, नखांसकट. आठवड्यातून एकदा नखं बघायची. मुलांची लसीकरण कार्डं पाहून ठेवली. अनवाणी खेळायचं म्हणजे धनुर्वाताचा डोस राहिलेला नको.

नियम तीनच: फेकायचं नाही, तोंडात-नाकात घालायचं नाही, खेळून झालं की वस्तू तिच्या खुणेवर. खुणा म्हणजे फळीवर काढलेली वस्तूची बाह्यरेषा. बादली बादलीच्या रेषेत, करवंटी करवंटीच्या. आकार जुळवण्याचा वेगळा पाठ घ्यायची गरज राहिली नाही.

१९ जून, गुरुवार

गवतात मृगाचे किडे, लाल मखमली. निरुपद्रवी आहेत. तळहातावर घेऊन सोडून द्यायचे. डबीत कोंडायचे नाहीत, मरतात. ‘मऊ’ हा शब्द मुलांकडे होताच, ‘लुसलुशीत’ आज आला.

२४ जून, मंगळवार

खोऱ्यांचा हिशोब. ही नोंद सविस्तर, कारण अंगणातली निम्मी भांडणं वस्तूंच्या संख्येवरून होतात आणि ती स्वभावाच्या खात्यावर मांडली जातात.

बारा मुलांना चार खोरी दिली, तर पहिली दहा मिनिटं ओढाताणीत जातात. बारा दिली, तर भांडण नाही, पण बाराजण बारा खड्डे खणतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मोठ्या गटाला आठ बरोबर बसतात. ज्यांना मिळत नाहीत ते पाणी आणायला, वाळू वाहायला लागतात आणि आपोआप कामाची वाटणी होते. लहान गटाचं गणित निराळं. तीन वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी खेळतं, दुसऱ्याबरोबर खेळणं त्यानंतर येतं. त्याला ‘वाटून घे’ सांगून उपयोग नाही. त्यांना माणशी एक खोरं, तेही एकाच रंगाचं. एकच लाल खोरं असेल तर ते सगळ्यांनाच हवं असतं.

मिळून काम व्हावं असं वाटत असेल तर ते सांगायचं नाही, तशी वस्तू ठेवायची. चार फुटी फळी ठेवली आहे, साधारण सहा किलोची. एकट्याला उचलत नाही, दोघांना उचलते. ‘तू तिकडून धर’, ‘थांब, खाली ठेव’, ‘आता’ ही वाक्यं त्या फळीभोवतीच ऐकू येतात. शिवाय जड वस्तू ढकलण्या-ओढण्याने सांध्यांना आणि स्नायूंना जो ताण मिळतो, त्यातून शरीराला आपल्या हातापायांचा अंदाज येतो. सतत धडकणारी, दुसऱ्याच्या अंगावर पडणारी मुलं असतात, त्यांना आधी फळी, विटा, ओली गोणी असली कामं द्यावीत. मग गोष्टीच्या वेळी ती जास्त वेळ स्थिर बसतात.

३ जुलै, गुरुवार

चिखल. नुसती काळी माती हाताला चिकटून बसते आणि वाळली की भेगाळते. आमचं माप: पोयटा (गाळाची मऊ माती) दोन घमेली, वाळू एक घमेलं, पाणी सात-आठ लिटर. पाऊस असेल तर माती आधीच ओली असते, मग निम्म्या पाण्यापासून सुरुवात. परीक्षा सोपी: लाडू वळून कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर पाणी कमी, पचकन पोळी झाली तर जास्त. ही परीक्षा मोठ्या गटाला करू दिली की पाणी किती हवं ते मुलंच सांगतात.

दोन मुलं चिखलाला हात लावत नाहीत. जबरदस्ती नाही. त्यांना आधी काठी, मग पळी, मग ओला कपडा पिळायचं काम. ओलं-चिकट नकोसं वाटणं हा हट्ट असेलच असं नाही, काहींची त्वचा स्पर्शाला जास्त संवेदनशील असते. शेजारी पाण्याची बादली ठेवली की धीर येतो: हात लावला आणि आवडलं नाही, तर लगेच धुता येतो.

११ जुलै, शुक्रवार

पेरणी. माणशी दोन कुंड्या, म्हणजे तळाला भोकं पाडलेले श्रीखंडाचे डबे. बिया स्वयंपाकघरातल्याच घ्यायच्या. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी-निळे रंगवलेले दाणे औषध लावलेले असतात, ते मुलांच्या हातात देऊ नयेत.

काय पेरायचं हे मुलाच्या धीरावर ठरवावं. लहान गटाला मेथी आणि मूग, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो. मोठ्या गटाला मका, सहाएक दिवस. कोथिंबीर टाळली: दहा-बारा दिवस काहीच दिसत नाही आणि तोवर मुलं माती उकरून ‘आलं का’ बघतात. मेथी अर्धा सेंटिमीटर खोल, मका अंगठ्याच्या पहिल्या पेराइतका. बोट हेच माप. मेथीचे दाणे एकेक चिमटीने टाकायचे, मूठभर नाहीत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट या चिमटीवरच पुढे पेन्सिल बसते.

खेळायच्या बियांची छाननीही आजच झाली. ठेवल्या: चिंचोके, सागरगोटे, सीताफळाच्या बिया (फोडून-चावून खायच्या नाहीत), सुरूची बोंडं. काढून टाकल्या: गुंजा, एरंड, धोतरा आणि बिट्ट्या. बिट्ट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं खेळत आली हे खरं, पण पिवळ्या कण्हेरीची ती बी आतून विषारी असते. लहान गटाला चिंचोकेसुद्धा हाती देत नाही, नाकात जातात. त्यांच्यासाठी ३२ मिलिमीटर व्यासाची नळी ठेवली आहे. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या गटाला नाही.

१८ जुलै, शुक्रवार

मेथी उगवली आणि लहान गटातल्या सात डब्यांत रोपांनी मान टाकली. कारण प्रेम: प्रत्येक मूल दिवसातून चारदा पाणी घालत होतं. माती सतत ओली राहिली की बुंध्याशी बुरशी धरते. ‘पाणी पुरे’ हे सांगून कळत नाही. झारीऐवजी आता औषधाच्या बाटलीचं टोपण, १० मिली, डब्याला रोज पाच टोपणं. त्यात मोजणीही होते. दोन डबे मुद्दाम कोरडे आणि दोन जास्त ओले ठेवले, चिठ्ठीऐवजी थेंबांची चित्रं लावून. मेलेली रोपं फेकली नाहीत. मुळं धुऊन निरोगी रोपाच्या मुळांशेजारी ठेवली, एक पांढरं, एक तपकिरी.

२८ जुलै, सोमवार

करवंट्यांत डासांच्या अळ्या. शनिवार-रविवार त्या उताण्या राहिल्या होत्या आणि दोन दिवसांत एवढ्या वाढत नाहीत, म्हणजे काही त्याही आधीपासून कोपऱ्यात पडून असणार. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. आठवडा-दहा दिवसांत अंड्यापासून डास होतो. निर्णय: पाण्याचा टब रोज रिकामा करून पालथा, पाण्याची खोली चार इंचांच्या वर नाही, टबापाशी एक ताई कायम. करवंट्या सगळ्या पालथ्या आणि ज्यांना शक्य आहे त्यांना भोक.

या भोकांनी खेळ बदलला. नारळाचे तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ. डोळ्यांकडच्या अर्ध्या करवंटीचा तो डोळा खिळ्याने टोचला की गळकी करवंटी तयार. दुसरा अर्धा भाग गळत नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या, पाणी भरल्याशिवाय कळत नाही. मोठ्या गटाने दोन ढीग केले, ‘गळकी’ आणि ‘शहाणी’. गळक्यांनी कोरडी वाळू चाळली, पाऊस पाडला, एकीवर एक ठेवून कुठली आधी रिकामी होते ते पाहिलं. भोक मोठं की पाणी लवकर जातं, हे वाक्य ताईंनी उच्चारलं नाही आणि तेच बरं झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

पालकसभा. अपेक्षित प्रश्न: ‘लिहायला कधी शिकवणार?’ सोबत ‘युनिफॉर्मवरचे डाग’.

उत्तर तोंडी दिलं नाही, साधनं मांडली. चिमटीने दाणे, झारीचा दांडा, फडकं पिळणं, शाडूची वळी, टोपणाने मोजलेलं पाणी. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि चार वर्षांच्या मुलात ती सगळी अजून घट्ट झालेली नसतात. त्या वयात ओळीत अक्षरं गिरवून घेतली तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं या क्रमाने ताबा येतो. म्हणून आधी बादली आणि मग पेन्सिल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ हीच पद्धत आहे. ज्यांना सरकारी कागद लागतो त्यांच्यासाठी हे सांगून ठेवावं.

डागांवर उपाय: अंगणाचा जुना कपड्यांचा एक जोड कायम बालवाडीत. काळ्या मातीचा डाग ओला घासला की पसरतो. आधी वाळू द्यायचा, झटकायचा, मग थंड पाणी.

६ ऑगस्ट, बुधवार

लिंबाच्या कोवळ्या पानांवर फुलपाखराच्या अळ्या. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळ्या-पांढऱ्या. मोठ्या झाल्या की हिरव्या. फांदीला पातळ मलमलची पिशवी बांधली, अळ्या झाडावरच. बरणीत ठेवल्या तर रोज ताजी पानं लागतात आणि एक सुट्टी आली की संपलं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे. चित्र रोज नाही, दर तीन दिवसांनी, नाहीतर मुलं कालचंच चित्र काढतात.

केसाळ अळीला हात लावायचा नाही, शेवग्यावरच्या तर फार खाजवतात. शंखी गोगलगाय आली तर बघायची, धरायची नाही. तिच्या चिकट स्रावातून माणसाला अपाय करणारे जंत येऊ शकतात.

२० ऑगस्ट, बुधवार

गणपती पुढच्या बुधवारी. शाडू १० किलो. पाणी एकदम ओतायचं नाही, तीन लिटरपर्यंत थोडंथोडं, मळून रात्रभर ओल्या फडक्यात. कोरडी पूड मुलांसमोर चाळू नये, फार बारीक असते आणि छातीत जाते. वाळताना पातळ भाग आधी आखडतो, म्हणून सोंड आणि कान गळतात. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारून शाडूचं पातळ पाणी लावायचं. नुसतं दाबून जोडलेलं उद्या सुटतं.

घरच्या शाडूच्या मूर्ती बादलीत विसर्जन करणाऱ्या काही पालकांनी ती माती देऊ केली आहे. घ्यायची, फक्त रंग नसलेली. ती हातकामालाच वापरायची, चिखलाच्या खड्ड्यात नाही. तिथे पाय लागतो आणि घरोघरी ते रुचणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

निरीक्षणाच्या वहीची तपासणी. निम्म्या नोंदी निरुपयोगी. ‘छान सहभाग घेतला’ यातून काहीच कळत नाही, ही नोंद कुठल्याही मुलाच्या नावापुढे चालेल. चालणारी नोंद अशी: ‘डाव्या हाताने बाटली धरली, उजव्याने करवंटीतून ओतलं. अर्ध्यात थांबून पातळी पाहिली. म्हणाली, अजून दोन. दोनच लागल्या.’ यातून दोन हातांचा मेळ, अंदाज, मोजणी आणि वाक्य, चारही गोष्टी मिळतात.

आता चार रकाने: काय केलं, कुणाबरोबर, काय बोललं (त्याच्याच शब्दांत), उद्या अंगणात काय ठेवायचं. चौथा रकाना रिकामा असेल तर नोंद अपुरी. रोज तीनच मुलं, म्हणजे आठ कामाच्या दिवसांत सगळी होतात. जे मूल सहज दिसत नाही त्याचा नंबर आधी. अंगणात गोंगाट करणाऱ्यांच्या नोंदी आपोआप भरतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

भोंडला. हत्तीभोवती फेर धरताना लहान गटाचा फेर दर वेळी आत कोसळतो, कारण हात ओढले जातात. जमिनीवर फक्कीने गोल आखला, पाय रेषेवर. फेर टिकला. खिरापत ओळखताना डबा आधी हलवून, मग वास घेऊन. ‘गोड’ एवढ्यावर न थांबता ‘खुळखुळतंय’, ‘ओलं आहे’ इथपर्यंत मुलं गेली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

किल्ला, दिवाळीच्या सुट्टीआधी. आत विटांचे तुकडे आणि दगड, वरून गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप दोन इंच. नुसत्या मातीचा ढीग पहिल्याच सरीत बसतो. अळीव आजच टाकला: रात्रभर भिजवून चिकट झाला की उतारावरून घसरत नाही. दोन-तीन दिवसांत कोंब, आठवड्यात हिरवा गालिचा.

बुरूज मोठा गट बांधतो आहे, लहान गट पाणी आणि माती पुरवतो आहे. दरवाजा कुणीकडे यावर वाद झाला. ताईंनी निकाल दिला नाही. दोन दरवाजे झाले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अळीव उत्तरेच्या बाजूला दाट, दक्षिणेला विरळ. दक्षिणेची बाजू दुपारी वाळते. मुलांनी फक्त तिथे टोपणाने पाणी घातलं, जुलैतल्या मेथीची आठवण काढत.

सुट्टीआधीची कामं: टब आणि करवंट्या पालथ्या. पाइपच्या तोंडाची जाळी साफ. वाळू दोन घमेली कमी झाली आहे, ती भरायची. मोठी फळी छपराखाली, टेकू देऊन, नाहीतर वाकते. बियांचे डबे उन्हात एक दिवस, मग कडुनिंबाचा पाला घालून बंद. किल्ल्याला पाणी घालायला मदतनीस मावशी एक दिवसाआड येणार, टोपणाने नव्हे, झारीने.